आधी पाण्याचा हिशोब, मग पेरणी: टंचाईच्या हंगामासाठी पाणी नियोजन

पावसाळा सरत आला की विहीर काठोकाठ दिसते आणि त्या भरवशावर रान पेरले जाते. तीन महिन्यांनी, नेमके दाणे भरायच्या वेळी, पंप हवा ओढू लागतो. पाणी कमी पडले म्हणून गेलेल्या पिकांपैकी बरीचशी पेरणीच्या दिवशीच, क्षेत्र ठरवताना चुकलेली असतात. त्यामुळे या सल्ल्यात सर्वात जास्त भर मोजमापावर आहे. ते करायला एक टेप, दोरी, ड्रम आणि घड्याळ पुरते.

विहिरीचा व्यास 6 मीटर असेल तर पाण्याच्या दर मीटर उंचीला सुमारे 28 हजार लिटर पाणी असते. 5 मीटर पाणी म्हणजे 1 लाख 41 हजार लिटर. एक एकरावर 1 मिलिमीटर पाणी द्यायला 4,047 लिटर लागतात, म्हणजे 60 मिलिमीटरच्या एका पाळीला (एकदा पाणी देण्याला) जवळपास 2 लाख 43 हजार लिटर. काठोकाठ वाटणाऱ्या या विहिरीत एक एकराची एक पाळीही पूर्ण होत नाही. तेव्हा खरा आधार साठ्याचा नसून झऱ्यांचा आहे आणि मोजायचे तेही झरेच.

त्यासाठी संध्याकाळी पंपाने पाणी नेहमीच्या खालच्या पातळीपर्यंत उपसा, पातळीची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पंप चालू करण्याआधी, पुन्हा मोजा. 12 तासांत 2 मीटर चढले तर साधारण 56 हजार लिटर आले. पातळी वर येत जाते तसा झऱ्यांचा जोर कमी होतो, म्हणून 12 तासांचा आकडा दुप्पट करून 24 तासांचा धरू नका. दिवसाला 56 हजारच धरा. 20 दिवसांच्या पाळीत 11 लाख 20 हजार लिटर झाले. उन्हाळ्याकडे जाताना झरे आटतात, म्हणून यातले 60 टक्केच हिशोबात घ्या: 6 लाख 70 हजार. पाटाने मोकाट पाणी दिले तर मुळांशी जेमतेम 60 टक्के पोचते, त्यामुळे एकराला दर पाळीस 4 लाख लिटर उपसावे लागतात. या विहिरीवर दीड एकराहून थोडे जास्त क्षेत्रच धरता येते. तेच पाणी बंद पाइपातून तुषार सिंचनाने दिले तर दोन एकर. यापेक्षा जास्त पेरायचे असेल तर उरलेले क्षेत्र ओलीवरचे (जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर येणारे) किंवा एका पाण्यावरचे आहे असे समजूनच पीक निवडा.

बोअरला झरे दिसत नाहीत, तिथे पंपाचा विसर्ग मोजा. 200 लिटरचा ड्रम 40 सेकंदांत भरला तर तासाला 18 हजार लिटर. हे मोजमाप पंप चालू होताच न घेता दोन तास सलग चालल्यावर घ्या. सुरुवातीचा जोर फसवा असतो. दर पंधरवड्याला पुन्हा मोजून वहीत लिहा. तासाला 18 हजारांवरून 13 हजारांवर आले की पाळ्यांचा आराखडा त्याच दिवशी बदला, पीक सुकायची वाट पाहू नका.

पाणी कमी असेल तर ते सगळ्या पाळ्यांत थोडे थोडे वाटू नये. थोडके पाणी वरच्या चार बोटांत राहते, उन्हाने उडून जाते आणि मुळे वरच राहतात. त्यापेक्षा पाळ्या कमी करा, पण ज्या द्याल त्या पुरत्या आणि नेमक्या दिवशी द्या. गव्हाला एकच पाणी असेल तर पेरणीनंतर 40 ते 42 दिवसांनी, फुटवे फुटताना. दोन असतील तर पहिले 20 ते 22 दिवसांनी मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी फुटणारी मुळे) फुटताना आणि दुसरे 60 ते 65 दिवसांनी फुलोऱ्यात. तीन असतील तर या तिन्ही वेळा साधा. हरभऱ्याला एकच पाणी असेल तर 30 ते 35 दिवसांनी, दुसरे असेल तर 60 ते 65 दिवसांनी घाटे भरताना. हरभऱ्याला जास्तीचे पाणी कमीपेक्षा वाईट: झाड नुसते वाढते, फुले गळतात, मर रोग लागतो. रब्बी ज्वारीचे एकच पाणी पोटरीत (कणीस पानाच्या आवरणात असताना), 50 ते 55 दिवसांनी. गव्हाला पर्याय म्हणून ज्वारी आणि हरभरा दोन्ही विचारात घ्या, कारण कमी पाण्यात त्यांचे उत्पादन गव्हाइतके ढासळत नाही.

किती मिलिमीटर द्यायचे ते जमीन ठरवते. मध्यम जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला मिळण्याजोगे सुमारे 150 मिलिमीटर पाणी मावते. मुळे 60 सेंटिमीटर असतील तर 90, आणि त्यातले निम्मे संपले की पाळी द्यायची, म्हणजे 45 मिलिमीटर. हलक्या जमिनीत याच्या निम्मेच मावते. तिथे 60 मिलिमीटर दिले तर खालचे सगळे मुळांपलीकडे जाते, सोबत नत्रही. पाणी दिल्यावर दोन दिवसांनी लोखंडी सळई रानात खोचून पाहा. ओली माती असेल तिथवर ती सहज जाते, कोरड्या थराला अडते. मुळांच्या खोलीपर्यंत पाणी पोचले की नाही हे सांगणारे इतके स्वस्त साधन दुसरे नाही.

सरी-वरंब्यावरच्या पिकात एक आड एक सरी भिजवा आणि पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या. मुळांना एका बाजूने ओल मिळत राहते आणि पाणी पाळीला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वाचू शकते. रेताड जमिनीत मात्र पाणी आडवे पसरत नाही, तिथे ही पद्धत वापरू नका. लांब सरी असेल तर मधे तोडा. शेवटच्या टोकाला पाणी पोचेपर्यंत वरच्या टोकाला ते वाजवीपेक्षा खोल गेलेले असते. तुषार संच वाऱ्यात चालवू नका, रात्री किंवा पहाटे चालवा.

ठिबक असूनही पीक सुकते तेव्हा दोष बहुधा देखभालीचा असतो. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली (थेंब सोडणाऱ्या तोंडाखाली) भांडे धरा: मिनिटाला सुमारे 67 मिलिलिटर भरले पाहिजे. लॅटरलच्या (ड्रिपर असलेल्या बारीक नळीच्या) सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा ड्रिपर मोजा. फरक 10 टक्क्यांहून जास्त असेल तर आधी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब पाहा, मग सबमेन (लॅटरलना पाणी देणारा पाइप) आणि लॅटरलची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. पांढरा क्षार बसला असेल तर आम्ल प्रक्रिया करावी, म्हणजे आम्ल मिसळलेले पाणी संचातून सोडावे. आम्ल नेहमी पाण्यात हळूहळू ओता, आम्लात पाणी कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

ठिबक किती वेळ चालवायचे? उघड्या मोजपात्रातले बाष्पीभवन दिवसाला 9 मिलिमीटर असेल, पात्राचा गुणांक 0.7 आणि पिकाचा त्या अवस्थेतला गुणांक 0.8 असेल तर तिन्हींचा गुणाकार, म्हणजे गरज, 5 मिलिमीटर. संचाची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर 5.6. लॅटरलमधले अंतर दीड मीटर आणि ड्रिपर 40 सेंटिमीटरवर असतील, तर ताशी 4 लिटरच्या ड्रिपरने तासाला 6.7 मिलिमीटर पडते. म्हणजे 50 मिनिटे. सवयीने दोन तास चालवले जाते तिथे निम्म्याहून जास्त पाणी वाया जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर लगेच नवे क्षेत्र पेरले तर भूजलातून उपसा तेवढाच राहतो, काही ठिकाणी वाढतोही, कारण पूर्वी झिरपून परत जाणारे पाणीही आता पीक पिऊन टाकते. वाचलेल्यातले निदान थोडे तरी जमिनीखाली राहिले पाहिजे. पुढच्या कोरड्या वर्षाचे धान्य त्यावरच यायचे आहे.

शेततळ्यातले पाणी न वापरताही कमी होते. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून दिवसाला 6 मिलिमीटर उडाले तरी 5,400 लिटर जातात, 90 दिवसांत 4 लाख 86 हजार. एका एकराच्या 60 मिलिमीटरच्या दोन पाळ्या इथेच गेल्या. म्हणून विहीर आणि तळे दोन्ही असतील तर तळ्याचे पाणी आधी वापरा, विहिरीचे मागे ठेवा. नवे तळे करताना पसरट नको, खोल हवे.

जमिनीतली ओल टिकवायला उसात पाचट जाळू नका. ते सरीत पसरवून टनामागे 8 किलो युरिया आणि 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका. युरिया टाळला तर कुजवणारे जंतू पिकाच्याच नत्रावर जगतात आणि ऊस पिवळा पडतो. इतर पिकांत भुसा किंवा वाळलेले गवत हेक्टरी 5 टन पसरावे. भेगा पडायच्या आत कोळपणी करा, भेग पडली की खालची ओल थेट उडते. फळबागेत ताण असेल तर फळांची संख्या वेळीच कमी करा. सगळी फळे धरून ठेवली तर ती बारीक राहतातच, झाडही पुढच्या हंगामासाठी खचते. पानांवर 8 टक्के केओलिनची (पांढऱ्या मातीच्या भुकटीची) फवारणी उष्णता परतवते. तीव्र ताणात 1 ते 2 टक्के पोटॅशियम नायट्रेट फवारता येते, मात्र दुपारच्या उन्हात नको.

पाणी खोल जाते तसे बऱ्याच ठिकाणी ते खारट होते. हंगामात दोनदा तपासून घ्या. खारटपणा दाखवणारी विद्युत वाहकता मीटरला 0.75 डेसिसायमनपर्यंत असेल तर बहुतेक पिकांना चालते, 2.25 च्या वर गेली की संवेदनशील पिके आणि भारी जमीन दोन्हींना धोका असतो. ठिबकाखाली क्षार ओल्या वर्तुळाच्या कडेला साचतात. पावसाची पहिली हलकी सर येते तेव्हा ते आत, मुळांकडे ढकलले जातात आणि पाऊस पडूनही पाने करपतात. म्हणून त्या पहिल्या सरी येत असताना ठिबक बंद न करता चालूच ठेवा, क्षार बाहेर राहतील. चांगला भिजपाऊस होऊन ते खोल धुतले गेले की मगच बंद करा.