स्प्रेडशीटवरून छायाचित्रे चढवण्याआधीची तयारी

एकाच स्प्रेडशीटमधून ३८० उत्पादनांची छायाचित्रे ऑनलाइन दुकानात चढवण्याचे काम मी एकदा रात्री उशिरा उरकले. फाईल स्वीकारल्याचा संदेश आला, मी संगणक बंद केला आणि सकाळी पाहिले तर निम्म्याहून अधिक वस्तूंच्या जागी रिकाम्या करड्या चौकटी होत्या. जुनी छायाचित्रे मी आधीच काढून टाकली होती. नवी आलीच नव्हती. अशा शीटमध्ये छायाचित्रे नसतात, त्यांच्या लिंक असतात, आणि दुकानाचा सर्व्हर त्या लिंकवरून छायाचित्रे ओढून घेतो. माझ्या शीटमध्ये दोन फोल्डरांमधील लिंक होत्या आणि त्यांपैकी एकच फोल्डर सर्वांसाठी खुला होता. दुसऱ्यातील प्रत्येक लिंक मला व्यवस्थित उघडत होती, कारण मी माझ्या खात्यात लॉगइन होतो. दुकानाचा सर्व्हर माझ्या खात्यात लॉगइन नसतो.

म्हणून सर्वांत आधी हे: शीटमधील लिंक खासगी विंडोत, म्हणजे जिथे आपण कुठेही लॉगइन नाही अशा विंडोत, उघडून पाहावी. एकच नव्हे, प्रत्येक फोल्डरमधील किमान दोन.

आता छायाचित्रांकडे वळू. ती जेपीईजी किंवा पीएनजी असावीत. काही फोन एचईआयसी प्रकारात छायाचित्रे साठवतात, ती आधी बदलून घ्यावीत. छपाईसाठी तयार केलेल्या फाईली सीएमवायके रंगांत असतात आणि पडद्यावर त्यांचे रंग भलतेच दिसू शकतात, त्यामुळे त्या एसआरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत, आणाव्यात. आकाराची मर्यादा आपापल्या मंचावर, म्हणजे दुकान ज्या सेवेवर चालते तिथे, तपासावी. शॉपिफायवर ती २० एमबी आणि २५ मेगापिक्सेल आहे, पण तिथवर जाण्याचे कारण नाही, जड छायाचित्रांनी अपलोडही रेंगाळते. ॲमेझॉनवर विकायचे असेल तर मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा.

फाईलच्या नावांत रोमन लहान अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच असावे. लिनक्स सर्व्हरवर लहान आणि मोठे अक्षर वेगळे धरले जाते, त्यामुळे विस्तार (नावातील टिंबानंतरचा भाग, जसे jpg) एका ठिकाणी मोठ्या अक्षरांत आणि शीटमध्ये लहान अक्षरांत असेल तर फाईल सापडणार नाही. मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम टाळावेत. स्वल्पविरामाचे कारण विशेष आहे: वूकॉमर्स या मंचावर एका उत्पादनाची सर्व छायाचित्रे एकाच रकान्यात स्वल्पविरामाने वेगळी करून लिहितात आणि पहिले ते मुख्य ठरते, त्यामुळे नावातच स्वल्पविराम असला तर एका लिंकचे दोन निरुपयोगी तुकडे होतात. शॉपिफायची रीत निराळी आहे. तिथे प्रत्येक जादा छायाचित्रासाठी तेच हँडल (उत्पादनाचे शीटमधील ओळखनाव) पुन्हा लिहून नवी ओळ द्यावी लागते. एका मंचाची शीट दुसऱ्यावर जशीच्या तशी चालेल असे गृहीत धरू नये.

एक्सेलबाबत सावध राहावे. एसकेयूच्या (दुकानाने वस्तूला दिलेल्या सांकेतिक क्रमांकाच्या) सुरुवातीची शून्ये ते गाळते, लांब बारकोड घातांकाच्या रूपात दाखवते आणि १५ अंकांपुढील प्रत्येक अंकाचे शून्य करून टाकते. यावर सोपा उपाय म्हणजे आकडे भरण्यापूर्वी तो रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारचा करणे. नंतर केल्यास गेलेले अंक परत येत नाहीत. शिवाय साठवलेली सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल, शीट याच रूपात चढवतात) दोनदा टिचकी मारून पुन्हा एक्सेलमध्ये उघडली की हाच घोळ नव्याने होतो, म्हणून ती तपासण्यासाठी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी. ज्याच्या शेवटी अंक आहे असा एसकेयू खाली ओढून भरल्यास तो एकेकाने वाढत जातो, हेही लक्षात ठेवावे. क्रमवारी लावायची असेल तर संपूर्ण तक्ता निवडूनच लावावी. एकच रकाना हलला तर वस्तूंना भलत्याच वस्तूंची छायाचित्रे लागतात आणि कोणतीही प्रणाली त्याला चूक म्हणत नाही. फाईल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवावी, नाहीतर मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे येतात.

पुन्हा लिंककडे येतो, कारण इथे आणखी एक फसगत आहे. गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सची नेहमीची ‘शेअर’ लिंक सर्वांसाठी खुली केली तरी ती छायाचित्र उघडत नाही, छायाचित्र दाखवणारे पान उघडते. माणसाला दोन्ही सारखेच वाटते. सर्व्हरला मात्र पान मिळते आणि तो ते नाकारतो. खासगी विंडोत लिंक उघडल्यावर भोवती बटणे, नाव किंवा मेनू दिसला तर ती लिंक निरुपयोगी समजावी. फक्त छायाचित्र दिसले पाहिजे, दुसरे काहीही नाही. काही साठवणसेवांच्या लिंक ठरावीक वेळेनंतर बंद पडतात, म्हणून ही तपासणी अपलोडच्या दिवशीच करावी; आठवड्यापूर्वी केलेली धरू नये.

त्यानंतर दुकानातील सध्याची सर्व उत्पादने एक्सपोर्ट करून ती फाईल वेगळी ठेवावी. एक्सपोर्टमध्ये बहुधा छायाचित्रांच्या केवळ लिंक असतात, स्वतः छायाचित्रे नसतात, म्हणून मूळ फाईलींची प्रतही हवी. आणि नवी छायाचित्रे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुनी काढू नयेत. हे मी केले असते तर त्या सकाळी किमान जुनी तरी दिसली असती.

पूर्ण शीट चढवण्याआधी पाच वस्तूंची चाचणी घ्यावी: एक साधी वस्तू, एक अनेक छायाचित्रांची, एक रंगांचे पर्याय असलेली आणि दोन वेगवेगळ्या फोल्डरांतील. फोल्डर दोन असतील तर चाचणीत दोन्ही हवेतच. माझी चाचणी पूर्णपणे पहिल्या फोल्डरवर झाली होती आणि म्हणूनच ती यशस्वी ठरली होती.

पुढचे थोडक्यात. पर्यायी मजकूर, म्हणजे छायाचित्राचे शब्दांतील वर्णन, भरावा. दृष्टिहीन ग्राहकाला तोच वाचून दाखवला जातो. शीट मोठी असेल तर तिचे भाग करावेत. शॉपिफाय १५ एमबीहून मोठी सीएसव्ही घेत नाही. त्रुटींचा अहवाल वाचावा. ‘अपलोड झाले’ म्हणजे शीट वाचली गेली. छायाचित्रे मागाहून ओढली जाऊ शकतात, त्यामुळे ती सर्व दिसेपर्यंत फोल्डर बंद करू नये, हलवू नये, त्याचे नाव बदलू नये. जुनेच छायाचित्र दिसत राहिले तर कॅशे (ब्राउझर किंवा सर्व्हरने साठवून ठेवलेली जुनी प्रत) तपासावी, आणि बदललेल्या छायाचित्राला नवे नाव द्यावे. शेवटी दुकान ग्राहकाच्या बाजूने, खासगी विंडोतच, उघडून प्रत्येक विभाग शेवटच्या पानापर्यंत पाहावा.