असईची पलटण टेबलावर उभी करताना

टेबलावर खेळायच्या लढाईतला शिपाई जेमतेम सव्वा इंच उंच असतो आणि खेळताना तो आपल्यापासून दोन-तीन फूट लांब उभा असतो. ब्रश हातात घेण्याआधी एवढं मनाशी पक्कं करा, कारण पुढचे सगळे निर्णय यावरूनच होतात. त्या अंतरावरून डोळ्यातली बाहुली दिसत नाही, बटणं दिसत नाहीत. डगल्याचा लाल, त्यावरून गेलेले पांढरे पट्टे, उजेड आणि सावली यांतला फरक आणि ओळीने उभ्या असलेल्या चोवीस जणांचा एकत्रित ठसा, एवढंच दिसतं. एकेका शिपायावर आठवडा घालवणारे लोक कपाटात सुंदर बाहुल्या जमवतात, पण त्यांची पलटण कधी उभी राहत नाही. मला पलटण हवी असते, म्हणून हे सगळं पलटणीच्या बाजूने लिहिलंय.

मी संभाजीनगरला एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचे दात घडवते. दिवसभर छटा जुळवण्याचंच काम असतं. रात्री जेवणं उरकली की लॅबमध्ये वापरते तशाच कोलिन्स्की, म्हणजे प्राण्याच्या केसांच्या, ब्रशने शिपाई रंगवायला बसते. माझा विषय एकच, असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ती झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमान नावाचा हॅनोव्हरचा अधिकारी. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, त्याच्याकडे ७४ आणि ७८ या दोन हायलँडर (स्कॉटिश) पलटणी, १९ वी लाइट ड्रॅगून्स ही घोडदळाची पलटण आणि मद्रासच्या देशी पलटणी. नव्या माणसाला माझा पहिला सल्ला हाच असतो की एक लढाई धरा. तुमची पानिपत असेल, वॉटर्लू असेल किंवा वॉरहॅमर या टेबलावरच्या खेळातली एखादी काल्पनिक फौज असेल, पण एकच. मग कुठले रंग लागतील, शिपायाच्या पायाखालच्या चकतीवर, म्हणजे बेसवर, कुठली माती येईल आणि मुख्य म्हणजे काय विकत घ्यायचं नाही, हे आपोआप ठरतं.

आकार आणि खरेदी

आकार तुमच्या टेबलावरून ठरवा. २८ मिलिमीटरच्या फिगर्स (हे छोटे शिपाई) रंगवायला सर्वांत आनंदाच्या, पण त्यांना सहा बाय चार फूट जागा लागते. घरात चार माणसांचं डायनिंग टेबल एवढंच असेल तर १५ मिलिमीटर घ्या. त्याहून लहान, ६ मिलिमीटरच्या फिगर्समध्ये अख्खी फौज ट्रेमध्ये मावते आणि लढाई खरोखर लढाईसारखी दिसते, मात्र रंगवणाऱ्याला तिथे फार वाव नसतो. १/७२ स्केलचे मऊ प्लॅस्टिकचे शिपाई स्वस्त असतात, पण ते वाकतात आणि रंग सोलला जातो. सरावाला ठीक आहेत.

या छंदाची राजधानी म्हणजे इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम. गेम्स वर्कशॉप, वॉरलॉर्ड, पेरी बंधू हे फिगर्स बनवणारे सगळे तिथलेच. त्यामुळे बहुतेक माल परदेशातून येतो आणि पेटीच्या किमतीवर कुरिअर आणि कस्टम ड्यूटी चढते. तीन-चार जणांनी मिळून एकच ऑर्डर दिली तर कुरिअर वाटून जातं. वेलस्लीच्या बाजूच्या गोऱ्या पलटणी नेपोलियनच्या काळातल्या प्लॅस्टिक पेट्यांमधून जमवता येतात. टोप्यांमध्ये फरक असतो, तो मी चालवून घेते. भारतातल्या लढायांच्या फिगर्स मात्र जास्त करून धातूच्या नाहीतर रेझिन प्रिंटच्या मिळतात. आपल्याकडे थ्रीडी प्रिंट करून देणारे आता बरेच आहेत. त्यांच्याकडून घेताना मूळ डिझाइन करणाऱ्याने विक्रीची परवानगी दिली आहे का, एवढं विचारा. ज्याने ती फिगर घडवली त्याला पैसे मिळालेच पाहिजेत.

पहिल्या खेपेला एकच पलटण आणा, ती पूर्ण होईपर्यंत दुसरी नको. रंगवायच्या राहिलेल्या पेट्यांचा ढीग समोर दिसला की ब्रश उचलावासा वाटत नाही, आणि छंद सोडून गेलेली बहुतेक माणसं त्या ढिगापायीच गेलेली मी पाहिली आहेत.

तयारी

प्लॅस्टिकच्या फिगर्स फ्रेममधून हाताने पिरगाळून काढू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा साइड कटर घ्या. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर जी बारीक रेघ उमटते, ती कागद कापायच्या कटरच्या पात्याच्या बोथट बाजूने खरवडून काढा. ती राहिली तर वॉश, म्हणजे सावलीसाठी शेवटी लावायचा पातळ गडद रंग, नेमका तिथे जाऊन बसतो आणि गालावरून ओरखडा गेल्यासारखा दिसतो. कडक प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंटच वापरा. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे सांधा सुटत नाही. धातू आणि रेझिन यांना फेविक्विक. रेझिन घासताना मास्क हवा, त्याची धूळ छातीत जाता कामा नये. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि रात्रभर वाळवण.

आता प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. इंग्रजी व्हिडिओंमध्ये सांगतात तो सल्ला मराठवाड्यात चालत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्प्रे मारला तर थर दुधाळ आणि खरबरीत होतो. एप्रिल-मेमध्ये उलट होतं, फवारा फिगरपर्यंत पोहोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पिठासारखा बसतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळी, ऊन जरा वर आल्यावर, गच्चीवर वर्षभराचं प्रायमर मारून ठेवायचं. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, हात फिरता ठेवून, पातळ दोन थर. आधी सगळीकडून काळा, मग फक्त वरून, सूर्य डोक्यावर असल्यासारखा, पांढरा. या वरच्या पांढऱ्याने सावल्या आयत्या तयार होतात आणि कुठली घडी उचलायची, म्हणजे उजळ करायची, ते तुम्हाला पुढे दिसत राहतं. पावसाळ्यात अडलंच तर ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरा.

रंग

व्हालेहो कंपनीच्या रंगांच्या ड्रॉपरच्या बाटल्या उत्तम, पिगमेंट बारीक आणि रंग मॅट. पण सुरुवातीला त्यांच्यावाचून अडत नाही. कॅमलिनच्या ॲक्रिलिक ट्यूबमध्ये पाणी आणि थोडं मॅट मीडियम (चमक मारणारं द्रव) घातलं की पलटण छान रंगते, फक्त एकाऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावे लागतात. रंग दुधाइतका पातळ हवा. उन्हाळ्यात तो प्लेटमध्ये मिनिटाभरात सुकतो, म्हणून वेट पॅलेट करा. झाकणाच्या चपट्या डब्यात भिजवलेला टिश्यू पसरा आणि त्यावर बेकिंगचा कागद. मेण लावलेला नको, त्यातून ओल वर येत नाही. रंग दोन-तीन दिवस ओला राहतो.

ब्रश दोनच पुरतात, एक नंबरचा आणि दोन नंबरचा, टोक धारदार असलेले. तीन शून्यांचा ब्रश घेऊ नका. त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि टोकावरचा थेंब शिपायापर्यंत जाईतो सुकतो. रंग अर्ध्या केसांपर्यंतच घ्यायचा, पत्र्याच्या कडीपर्यंत चढू द्यायचा नाही.

आईस्क्रीमच्या काडीवर डबल टेप लावून पाच-सहा शिपाई चिकटवा. मग एकाचा डगला, दुसऱ्याचा डगला, असं ओळीने जा. ओळ संपेपर्यंत पहिला वाळलेला असतो. एका बैठकीत एकच रंग. कंटाळवाणं वाटेल, पण चोवीस जण एकाच वेळी पुढे सरकताना बघण्यात जे समाधान आहे ते एकेकट्यात नाही.

लाल डगला असा करा. क्रिमसनमध्ये चिमूटभर बर्न्ट अंबर मिसळून गडद मरून करा आणि पूर्ण डगला झाका. वाळल्यावर शुद्ध स्कार्लेट, पण घड्यांच्या खोलीत आणि काखेत मरून तसाच सोडून. शेवटी स्कार्लेटमध्ये थोडा नारिंगी घालून खांदा, कोपर आणि घडीचा वरचा काठ एवढंच उचला. लालात पांढरा कधीही मिसळू नका, डगला गुलाबी होतो. भगव्याचंही तेच आहे, तो पिवळ्याने उजळतो, पांढऱ्याने विटतो. झेंडा कागदावर छापून पातळ फेविकॉलमध्ये भिजवा, ओला असतानाच काठीभोवती लाटा द्या आणि वाळल्यावर कडा रंगवा. नाहीतर कागदाची पांढरी कड लांबूनही डोळ्यांत खुपते.

छातीवरचे पांढरे पट्टे पांढऱ्याने सुरू होत नाहीत. आधी मातकट राखाडी, मग मधोमध टायटॅनियम व्हाइट. दोन्ही बाजूंना राखाडीची केसाएवढी रेघ उरली की पट्टा डगल्यापासून सुटा दिसतो. एवढी एक गोष्ट नीट केलीत तरी पलटण तीन फुटांवरून उठून दिसते.

त्वचेबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. बाजारातले ‘फ्लेश’ नावाचे बहुतेक रंग गोऱ्या कातडीचे असतात आणि त्यांत तपकिरी ढवळून मद्रासी शिपाई रंगवला तर तो आजाऱ्यासारखा राखट दिसतो. सावळा चेहरा गडदाकडून उजेडाकडे न्यायचा असतो. सुरुवात बर्न्ट अंबरने. त्यावर बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर निम्मे-निम्मे, डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालची जागा सोडून. मग ऑकर वाढवत नाकाचा शेंडा, गालाचं हाड आणि बोटांची पेरं. इथेही पांढरा नाहीच. खालच्या ओठावर सिएनात किंचित क्रिमसन. दर काडीला ऑकरचं प्रमाण थोडं बदला, कुणी काळा, कुणी गव्हाळ, मग एका गावातली नव्हे तर मुलखामुलखांतून भरती झालेली माणसं दिसतात. डोळे रंगवू नका. खोबणीतली गडद सावली पुरेशी आहे. डोळे काढले की सगळे दचकल्यासारखे बघतात. हायलँडर्सना तांबूस, उन्हाने भाजलेली छटा द्या.

१९ व्या ड्रॅगून्सचे डगले निळसर राखाडी आणि कॉलर-कफ पिवळे. मराठा स्वारांना गणवेश नाही, तिथे हात मोकळा सोडा, पण प्रत्येक रंगात थोडा ऑकर घाला. शेकडो कोस घोडदौड केलेल्या माणसाच्या अंगरख्यावर दुकानातला ताजा रंग शोभत नाही.

रंग झाले की वॉश. विकतचा तपकिरी वॉश घ्या किंवा बर्न्ट अंबर शाई, पाणी आणि मॅट मीडियम मिसळून घरी करा. तो फिगरवर ओतायचा नसतो, ब्रशने खोलगट भागात नेऊन सोडायचा आणि साचलेला थेंब लगेच कोरड्या ब्रशने टिपायचा. तो पूर्ण सुकल्यावरच पांढऱ्याचा आणि त्वचेचा शेवटचा उजेड पुन्हा द्या.

माती

तयार बेस बहुतेक इंग्लंडच्या कुरणासारखे असतात, हिरवंगार गवत आणि पिवळट माती. असईला ते चालणार नाही. तिथे काळी कसदार जमीन आहे आणि लढाई पावसाळा सरता सरता झाली. बेसवर निम्म्या पाण्याचं फेविकॉल लावा, चाळून धुतलेली वाळू पेरा आणि वाळल्यावर काळा आणि बर्न्ट अंबर मिसळून पूर्ण झाका. मग ड्रायब्रश. ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ पुसून टाका आणि राखाडी-तपकिरी छटा नुसती वरून फिरवा. वाळूचे दाणे उजळतात, फटी काळ्या राहतात. एक-दोन ठिकाणी भेगाळलेला तुकडा, कडेला गवताचे हिरवे झुबके, त्यांची टोकं पिवळट. बेसच्या कडा सगळ्या फौजेला एकाच रंगाच्या ठेवा. मी असईला जाऊन शेतातल्या ढेकळांचे फोटो काढून आणलेत, ओल्या मातीचा एक आणि सुकलेल्या मातीचा एक, आणि ते दिव्याशेजारी लावलेत. तुमची लढाई जवळपासची असेल तर जाऊन या.

वार्निश आणि साठवण

हाताळायच्या फिगर्सना वार्निश हवंच. आधी ग्लॉसचा एक थर मजबुतीसाठी, वर मॅट. दमट दिवशी मॅट स्प्रे मारला तर पांढरट धूसर पडदा बसतो, त्यामुळे हेही काम थंडीतच.

बेसच्या खाली मॅग्नेट शीट चिकटवा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा, मग गाडीच्या धक्क्यांनी संगिनी मोडत नाहीत. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा उचलण्याआधी चुंबक लावून पाहा. चांगल्या स्टेनलेस स्टीलला चुंबक बहुधा चिकटत नाही, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चिकटतो.

जुन्या शिशाच्या फिगर्स हाती लागल्या तर बंद लाकडी किंवा एमडीएफच्या कपाटात कोंडू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी पावडर धरते आणि फिगर हळूहळू भुगा होते. ती पावडर विषारी आहे. हातमोजे घाला, फुंकर मारू नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

पहिली पलटण झाली की दुसरी पलटण नका आणू, तोफा आणा. असईला वेलस्लीने ९८ तोफा पकडल्या; शिंद्यांच्या फौजेचा कणा तोफखानाच होता. पितळी नळीला आधी गडद तपकिरी, मग पितळी रंग, त्यावर तपकिरी वॉश, शेवटी तोंडाच्या कडेला आणि पाठीवर पितळी रंगाची एक रेघ. मेटॅलिक रंगाच्या ब्रशला पाण्याचा पेला वेगळा. प्रत्येक तोफेमागे गोलंदाजांचे दोन बेस करा, एक उभ्यांचा आणि एक पडलेल्यांचा. इंग्रज फळी वरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा पुन्हा चालवल्या. टेबलावर तो क्षण आला की पडलेला बेस उचलायचा आणि उभा ठेवायचा.