जर्मनीत मास्टर्सनंतर नोकरी: गावाकडून न्यायचे कागद आणि तिथली मुदत

जर्मनीतली पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला जास्तीत जास्त १८ महिन्यांचा परवाना मिळतो. त्या काळात कोणतंही काम चालतं, पिझ्झा पोचवण्याचंसुद्धा. दीड वर्ष ऐकायला भरपूर वाटतं, पण एकेका कंपनीच्या उत्तराची वाट बघण्यातच ते सरतं. म्हणून थिसिस चालू असतानाच अर्ज टाकायला लागा.

अर्जात आपली मुलं मार खातात ती अनुभवपत्रात. संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिखलठाण्याच्या कारखान्यातून मिळणारं पत्र बहुधा दोन ओळींचं असतं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामाला होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. जर्मन कंपनीला हवं असतं ‘आर्बाइट्सत्सॉइग्निस’, म्हणजे पद, रोजचं काम, कोणती मशीन, कोणतं सॉफ्टवेअर आणि काम कसं केलं याचा वरिष्ठांचा शेरा. ‘प्रॉडक्शन विभागात काम केले’ यातून त्यांना काहीच कळत नाही; ‘व्हीएमसीसाठी फिक्श्चरचं डिझाइन, दोन शिफ्टची तपासणी’ असं लिहिलेलं कळतं. राजीनामा देण्याआधीच इंग्रजी मसुदा स्वतः तयार करून एचआरच्या हातात द्या. नंतर जर्मनीत बसून ते पत्र मिळवणं महाकठीण.

दुसरा घोळ नावाचा. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. जर्मन कारकून मग ‘जाधव’ हेच पहिलं नाव धरतो आणि वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जातं. करार, बँक, विमा, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा. जुन्या पदवीवर औरंगाबाद आणि नव्या कागदावर छत्रपती संभाजीनगर असेल, तर सीव्हीत दोन्ही नावं द्या. धाराशिवकरांनीही तेच करावं.

शिकत असताना ‘वेर्कश्टुडेंट’, म्हणजे कंपनीत अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी म्हणून आपल्याच शाखेचं काम धरा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. कायमच्या नोकरीचं दार बऱ्याचदा इथूनच उघडतं, त्यामुळे चार पैसे कमी मिळाले तरी गोदामापेक्षा हे काम बरं. भाषेचं म्हणाल तर आयटीत इंग्रजीवर निभावतं. कारखान्यात जर्मनची बी२ पातळी नसेल तर मुलाखतच अडते.

नोकरी शोधण्याच्या परवान्याचा अर्ज विद्यार्थी परवाना संपण्याआधी ‘आउसलेंडरबेहोर्डे’कडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे करायचा. पासपोर्ट, पदवी किंवा उत्तीर्ण झाल्याचं विद्यापीठाचं पत्र, आरोग्य विमा आणि खर्चाची सोय दाखवणारे कागद लागतात. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, त्यामुळे मुदतीत अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवा आणि तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या. विद्यापीठातून नाव कमी झालं की विद्यार्थ्यांचा स्वस्त विमा बंद होतो आणि हप्ता वाढतो. घरून पैसे मागवताना हा खर्च धरा.

नोकरी पक्की झाली की ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांच्या काम-निवास परवान्यासाठी पगार बघतात. २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो लागत होते. पदवीला तीन वर्षं झाली नसतील किंवा इंजिनिअरिंगसारखा तुटवड्याचा व्यवसाय असेल तर ४३,७५९.८० युरो. आकडा दर जानेवारीत बदलतो, तेव्हा सही करण्याआधी त्या वर्षीचा बघा. करार किमान सहा महिन्यांचा हवा. पगार कमी बसला तर कुशल कामगाराचा साधा परवाना असतो, मात्र काम कुशल, म्हणजे पदवी किंवा व्यावसायिक प्रशिक्षण लागणारं हवं. ब्लू कार्डावर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर आउसलेंडरबेहोर्डेला कळवावं लागतं.