खिशातला चाकू घेताना आधी मिटणं बघा

माझ्या खिशात गेली अकरा वर्षं घडीचा चाकू असतो. आठवडाभर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामावर आणि रविवारी खानापूरकडच्या शेतात. पार्सलची चिकटपट्टी, ठिबकची नळी, सुतळी, खताच्या पोत्याची शिवण, दुपारचा पेरू, रोज काही ना काही कापायचं निघतंच. बहुतेक वेळा एक हात कशात तरी गुंतलेला असतो, म्हणून एका हाताने उघडणारा, स्प्रिंगची मदत असलेला असिस्टेड ओपनिंगचा चाकू मला बरा पडतो. ओळखीतली पोरं विचारत असतात, कुठला घेऊ? त्यांना तोंडी सांगतो ते सगळं इथे एकदा नीट लिहून काढतोय.

दुकानात जाण्याआधी ही वस्तू नेमकी काय आहे ते समजून घ्या, कारण आपल्याकडे निम्मे लोक तिला खटक्याचा चाकू समजतात. खटक्याच्या चाकूला मुठीवर बटण असतं, ते दाबलं की पातं आपोआप बाहेर येतं. असिस्टेडमध्ये असं बटण नसतं. पात्यालाच एक छोटी गुंडी असते, किंवा मिटलेल्या पात्याचं शेपूट मुठीच्या मागून बाहेर आलेलं असतं, त्याला फ्लिपर म्हणतात. अंगठ्याने किंवा बोटाने ते ढकलायला लागलं की सुरुवातीला स्प्रिंग उलट अडवते, पातं आतच ओढून धरते. ठरावीक कोनापुढे गेलं की तीच स्प्रिंग बाजू बदलते आणि उरलेलं उघडणं स्वतः पुरं करते. केन ओनियन या अमेरिकन कारागिराची ‘स्पीडसेफ’ ही रचना केर्शॉ कंपनीने लोकप्रिय केली. तिच्यात पीळ घेणारी एक बारीक तार हे काम करते. अमेरिकेत १९५८पासून खटक्याच्या चाकवांवर केंद्रीय कायदा आहे, आणि २००९मध्ये त्यातून हे चाकू वेगळे काढले गेले. तिथे कसोटी लावली ती अशी, की पात्याची ओढ मिटण्याकडे आहे का आणि ती ओढ हाताच्या जोराने मोडावी लागते का.

मला हे कायद्याच्याही आधी मामांनी शिकवलं. ते कारखान्यात हत्यारं आणि साचे बनवतात त्या टूलरूममध्ये फिटर होते. माझा पहिला चाकू मी त्यांना फटाफट उघडून दाखवत होतो, तर म्हणाले, “उघडणार तो उघडणारच. मिटून कसा राहतोय ते बघ की आधी.” दिवसातली जेमतेम दोन मिनिटं हा चाकू उघडा असतो. बाकी सगळा वेळ तो मांडीला लागून, मोबाइल आणि किल्ल्यांच्या शेजारी, मोटारसायकलवर हादरे खात मिटलेला असायला हवा. पुढे जे लिहितोय ते सगळं हे धरूनच.

आता घरची तयारी. पंधरा दिवस तुम्ही काय काय कापता ते मोबाइलमध्ये टिपून ठेवा. माझ्या टिपणात चार इंचांचं पातं लागेल असं एकही काम निघालं नाही. सात ते साडेसात सेंटिमीटर पात्यात रोजचं सगळं भागतं, आणि एवढा चाकू हातात दिसला तर समोरचा माणूसही दचकत नाही. आपल्या गावात ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. पाठीकडून सरळ येऊन टोकाला हलकं उतरणारं साधं पातं घ्या, ड्रॉप पॉइंट म्हणतात ते. करवतीसारखे दात नकोत. दोर कापायला ते चांगले, पण त्यांना धार लावणं घरच्या दगडावर जमत नाही. ऊसतोड, फांद्या छाटणं, नारळ सोलणं ही कामं यादीत असतील तर तिथे कोयताच लागतो, घडीच्या चाकूकडून ती करून घेऊ नका.

पोलादाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथेच आपल्या भागातले लोक फसतात. डी२ हे नाव उद्यमबागेतल्या कुणालाही नवं नाही, पत्रा कापायच्या डाय-पंचला वापरतो तेच पोलाद. चाकवात ते आलं की आपल्याला वाटतं, वा, आपलं ओळखीचं. धार खरंच जबरदस्त टिकते. पण त्यात क्रोमियम साधारण १२ टक्के, आणि कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. त्या कार्बनमुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून बसतं आणि गंजाशी लढायला कमी उरतं. तेल-ग्रीसमधल्या डायला काही होत नाही. जांबोटी-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर खिसा कोरडाच होत नाही, तिथे मात्र डी२च्या पात्यावर आठवड्यात तांबडे ठिपके उमटतात. माझ्या दुसऱ्या चाकवाचं हेच झालं. बाहेरचं पातं मी रोज पुसत होतो, आणि गंज चढला बिजागरीच्या आत, जिथे फडकं पोचत नाही. स्प्रिंग अडखळायला लागली तेव्हा कळलं. म्हणून खानापूर, चंदगड, बेळगावचा पश्चिम भाग इथल्या माणसाने १४सी२८एन हे स्वीडिश पोलाद मिळालं तर ते घ्यावं. त्यात क्रोमियम १४ टक्के आणि कार्बन कमी, शिवाय थोडा नायट्रोजन घातलेला असतो. सहसा गंजत नाही आणि दगडावर धारही लवकर चढते. खिसा हलका असेल तर ८सीआर१३एमओव्ही. हे स्वस्तातलं चिनी पोलाद, धार लवकर जाते पण लवकर येतेही. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत डी२ खुशाल वापरा.

पात्यावर पोलादाचं नावच नसेल, नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असेल, तर खाली ठेवा. नामांकित कंपन्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. बिल देणारं दुकान बघा, आणि शक्यतो चाकू हातात घेऊन बघता येईल तिथूनच घ्या.

दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी चाकू मिटलेलाच धरा. पात्याचं टोक मुठीच्या दोन पाट्यांच्या बरोबर मधोमध आहे का बघा. एका बाजूला घासत असेल तर बिजागरी वाकडी बसली आहे. मग चाकू मुठीत घट्ट धरून, पातं ज्या बाजूने बाहेर येतं ती बाजू जमिनीकडे करून जोरात झटका द्या, चार-पाच वेळा. पातं केसभरही बाहेर येता कामा नये. नंतर गुंडी अगदी हळू, मिलिमीटर-मिलिमीटरने ढकला आणि स्प्रिंग कुठे बाजू बदलते ते अंगठ्याला जाणवू द्या. जेमतेम हलवलं की सुटत असेल तर तो चाकू किल्लीच्या धक्क्यानेसुद्धा खिशात उघडेल. चांगल्या चाकूत आधी स्पष्ट विरोध लागतो, थोडं अंतर जावं लागतं, मगच तो सुटतो. काही मॉडेलना पातं मिटलेलं अडकवून ठेवणारी छोटी सरकपट्टी असते. घरात लहान मुलं असतील तर ती असलेलाच घ्या. मी आता तिच्याशिवाय घेतच नाही.

आणि हे विसरू नका, की तारेच्या रचनेत पातं मिटलेलं धरून ठेवते तीही तीच तार. ती तुटली तर चाकू नुसता सैल उघडणारा होतो असं नाही, तो सैल मिटलेलाही होतो. अशा दिवशी तो खिशात ठेवायचा नाही. सुटी तार मिळते का, कोण बसवून देईल, हे घ्यायच्या वेळीच दुकानदाराला विचारा.

पुढे कुलूप, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी पट्टी. बहुतेकांना लायनर लॉक असतं. उघडल्यावर आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी उभी राहते. ती बुडाच्या अगदी कडेला टेकलेली नको, पाव ते अर्धी रुंदी तरी आत आलेली हवी. बोटं पात्याच्या वाटेतून काढून घेऊन, पाठीवर तळहाताने हळू दाब देऊन बघा. टेबलावर आपटून परीक्षा घेऊ नका, चांगलं कुलूपही त्याने बिघडतं. वर-खाली किंवा डावी-उजवीकडे पातं हलतंय का तेही बघा.

या कुलपाने माझ्या तर्जनीवर एक व्रण ठेवला आहे. मे महिन्यात फणस चिरायला मी तोच चाकू वापरला, वरवर पुसला आणि खिशात टाकला. दोन दिवसांनी शेतात नळी कापताना पातं माझ्या बोटावर मिटलं. चीक वाळून पट्टीच्या वाटेत बसला होता. ती पूर्ण सरकलीच नव्हती, आणि उघडताना ‘टक्’ असा नेहमीचा भरीव आवाजही आला नव्हता. तो आवाज मी ऐकला नाही, ही माझी चूक. तेव्हापासून उघडलं की आधी पट्टीकडे एक नजर टाकतो, मगच कापतो. फणसाला विळी आहे.

मिटणं दुकानातच शिकून घ्या. पट्टी बाजूला दाबणारा अंगठा पात्याच्याच वाटेत असतो, आणि असिस्टेडमध्ये शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग पातं आत खेचून घेते. म्हणून दाबा, पातं थोडं वळवा, अंगठा काढून घ्या, आणि मगच पाठीवरून तळहाताने पुढे ढकला. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सोडता येणारं आडव्या खिळीचं कुलूप बघावं.

मूठ जी-१० (काचेचे धागे आणि राळ यांची कडक पाटी) किंवा खरखरीत नायलॉनची असावी, ओल्या हातातून निसटत नाही. नुसतं गुळगुळीत ॲल्युमिनियम पावसात त्रास देतं. शंभर ग्रॅमच्या पुढे वजन गेलं की तो पँट ओढतो आणि महिन्याभरात घरीच राहायला लागतो. क्लिप अशी हवी की टोक वर राहील आणि पात्याची पाठ खिशाच्या शिवणीला टेकेल, म्हणजे चुकून ढिला पडला तरी शिवण त्याला अडवते. त्या खिशात दुसरं काही ठेवू नका.

कायद्याची तयारी घरून निघण्याआधीच व्हायला हवी. २०१६च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारं सोडून. आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. १ जुलै २०२४पासून जमावबंदीचे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली निघतात, पूर्वीचं १४४ ते हेच, आणि त्यात हत्यार बाळगायला मनाई असू शकते. शिनोळी किंवा कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलात की महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ लागतं. त्याखालच्या आदेशात चाकू, लाठ्या, काठ्या यांची नावं घेऊनच बंदी घालता येते. आपल्यापैकी कितीतरी जण दिवसातून दोनदा ही हद्द ओलांडतात, तेव्हा दोन्हीकडच्या बातम्या वाचत चला. गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला जाणार असाल तर असिस्टेड नकोच. तिथे १९८०च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, बटणाचे आणि कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे, ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठ्या पात्याचे चाकू येतात. सांबरा विमानतळावर केबिनच्या पिशवीत चालत नाही. कोर्ट, परीक्षा केंद्र, शाळा इथे जाताना घरी ठेवा. १ नोव्हेंबरला (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस), बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असताना, मोर्चा आणि मिरवणुकीच्या दिवशी माझा चाकू कपाटात असतो. भाषेवरून शब्दाला शब्द लागलेल्या गर्दीत माझ्या खिशात काय होतं हे मला कुणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये. बाकी दिवशी कुणी विचारलंच तर हातावरची माती किंवा तेल बघून त्यांना कळतंच.

आता राहिलं तेल. बिजागरीत खोबरेल घालू नका. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि बेळगावची डिसेंबरची सकाळ त्याहून बरीच गार असते. पातं अर्ध्यावर अडतं, आणि माणसाला वाटतं स्प्रिंग गेली. शेंगतेल तर काही दिवसांत चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल एक थेंब, दोनदा उघडून मिटायचं, वरचं पुसून टाकायचं. फळं कापत असाल तर पात्याला मात्र खोबरेलच लावा, आणि चीक काढायलाही तेच.

धार शाणेवाल्याकडे देऊ नका. फिरत्या चाकावर बारीक पातं तापतं, धारेजवळचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि मग ती टिकत नाही. हजार नंबरचा एक दगड, साधारण वीस अंशांचा कोन, दर बाजूला दहा-बारा ओढ आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने पुसणं, एवढं महिन्यातून एकदा पुरतं.

मोठी सफाई मी खंडेनवमीच्या आदल्या रात्री करतो. पाऊस संपलेला असतो आणि थंडी यायची असते, तेल बदलायला याहून चांगली वेळ नाही. चांदणीसारख्या खाचेच्या छोट्या स्क्रूला बसणारा टॉर्क्स पाना लागतो, साधा स्क्रूड्रायव्हर घातला तर डोकं खराब होतं. स्प्रिंगची बाजू उघडायला मला अजून धीर होत नाही, ती मामांकडे नेतो. ते जवळ चष्मा सरकवून तार बघतात, एक थेंब घालतात, चाकू मिटतात, पातं निघतं ती बाजू जमिनीकडे करून झटकतात, आणि मग परत देतात. सकाळी तो कोयता, खुरपं आणि व्हर्नियरच्या शेजारी पाटावर ठेवून हळद-कुंकू लावायचं. कुंकू बिजागरीत जाऊ देऊ नका.