‘सेवा कशी वाटली?’ असं विचारू नका

सोलापुरात क्षयरोगाच्या पेशंटचे अनुभव गोळा करायला पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा माझ्याकडे २२ प्रश्नांचा फॉर्म होता. दवाखान्यात सेवा कशी वाटली? चांगली, बरी की वाईट? समोरची विडी वळणारी बाई सगळ्याला ‘चांगली’ म्हणाली. फॉर्म मिटून मी चप्पल घालत होते, तेव्हा ती सहज बोलून गेली, “मधी पंधरा दिवस गोळ्या सोडल्या होत्या. लघवी लाल झाली ना, रक्तच जातंय वाटलं.”

क्षयरोगाच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, त्याने लघवी नारिंगी-लाल होते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण तिला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या २२ प्रश्नांनीही ते विचारलं नव्हतं.

तो फॉर्म आता घरी रद्दीत आहे. समाजकार्याची किंवा नर्सिंगची मुलं ‘पेशंटचे अनुभव कसे गोळा करायचे’ विचारतात, तेव्हा मी एकच प्रश्न पाठ करायला लावते: “तब्येत बिघडलीय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं? तिथपासून सांगा.” पुढे आपण बोलायचं ते ‘मग?’, ‘म्हणजे कसं?’, ‘घरात कोण काय म्हणालं?’ एवढंच. मत विचारलं की माणूस सभ्यपणे ‘बरं आहे’ म्हणतो. घडलेलं विचारलं की तारखा, भाडं, भांडणं सगळं येतं. आणि ‘का’ हा शब्द टाळा. “गोळ्या का सोडल्या?” म्हटलं की समोरच्याला डॉक्टरांचं रागावणं आठवतं. “त्या दिवशी काय झालं?” असं विचारा.

पैशांचंही तसंच. क्षयरोगाच्या पेशंटला आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. “पैसे मिळाले का?” याला ‘हो’ हे उत्तर ठरलेलं. पहिला हप्ता कधी आला, कुणाच्या खात्यात आला, बँकेतून काढून कुणी आणला, हे विचारलंत तर खरी गोष्ट कळेल.

जागेचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. दवाखान्यात बसून दवाखान्याबद्दल कुणी खरं बोलत नाही. घरी जावं तर एकच खोली, शेजारी सासू. शिवाय मास्क लावलेली परकी बाई दारात उभी राहिली की सगळ्या गल्लीला कळतं. मास्क न लावावा तर उपचार नुकते सुरू झालेल्या माणसाजवळ बंद खोलीत बसणं शहाणपणाचं नाही. म्हणून मी आधी फोन करते आणि जागा त्यांनाच ठरवू देते. गच्ची, देवळाचा कट्टा, मोकळं मैदान, काहीही चालतं. दुपारची वेळ बरी. विडी वळणाऱ्या बायकांना मी काम थांबवायला सांगत नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, तासभर हात थांबला तर तिचा रोज बुडतो. शिवाय नजर सुपातल्या पानावर असली की अवघड गोष्टी बोलायला सोप्या जातात. ताट-पेला वेगळा केला, नवऱ्याने माहेरी धाडलं, हे मी असंच ऐकलंय. आमच्याकडे पूर्वभागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. सोबत भाषा जाणणारी बाई घ्या, पण त्याच गल्लीतली नको. आशाताई पत्ता दाखवायला हव्यातच, मुलाखतीला मात्र नकोत.

अभ्यासात माणसांना त्रास होणार नाही ना हे तपासणाऱ्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्या. संमतीपत्र मराठीत, मोठ्याने वाचून. सही येत नसेल तर अंगठा, आणि साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा. मधेच ‘बास’ म्हणता येईल, त्याने औषधं बंद होणार नाहीत, हे दोनदा सांगा.

माणसं किती? ही पद्धत माझी नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅन मॅकफर्सन या डॉक्टरला स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला होता. औषधतज्ज्ञ अँड्र्यू हर्क्सहायमर यांच्यासोबत त्यांनी रुग्णांचे अनुभव नोंदवायला घेतले आणि २००१ पासून ते लोकांसाठी खुले केले. त्यांचा भर संख्येवर नव्हता, वेगळेपणावर होता. म्हणून औषधं नियमित घेणारेच धरू नका. सोडून गेलेले, खासगी डॉक्टरकडचे, आजार लपवणारे शोधा. नवं काही ऐकू येईनासं झालं की थांबा.

रेकॉर्डिंग उतरवताना भाषा सुधारू नका. ‘बारीक कसर यायची’ याचा ‘ताप’ केलात की दोन महिने अंगावर काढलेलं दुखणं कागदावरून गायब होतं. एका तासाला मला पाच-सहा तास लागतात. मग एकाच विषयावर सगळे काय बोलले ते मोठ्या कागदावर मांडते. जे बाकीच्यांशी जुळत नाही, ते कोपऱ्यात ढकलत नाही.

खरी कसोटी पुढे असते. अहवाल कपाटात जातो. २००५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ल्यूटनच्या रुग्णालयात डोकं-मानेच्या कर्करोगाचे रुग्ण आणि कर्मचारी यांचं आधी वेगवेगळं ऐकून घेतलं, मग रुग्णांची फिल्म दाखवून दोघांना एकत्र बसवलं आणि बदल दोघांनी मिळून ठरवले. आम्ही तेच लहान प्रमाणात केलं. औषध देणारे दादा म्हणाले, “आम्ही सांगतोच की लघवीचं.” मी पहिल्या मुलाखतीतल्या त्या बाईच्या परवानगीने तिचा आवाज ऐकवला. दादा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सांगतो, पण रिपोर्ट हातात पडतो त्याच दिवशी सांगतो. तेव्हा कुणाचं लक्ष असतंय?”

ही अडचण माझ्या एकाही कागदावर नव्हती. आता ते पहिल्या आठवड्यात फोन करून पुन्हा सांगतात. परवा एका आजींनी त्यांनाच उलट विचारलं, “माझी काही लाल होईना, गोळ्या खोट्या आहेत का?” गुरुवारी मी त्या आजींकडे जाणार आहे.