खानदेशातील इनफिल्डरने ऑस्ट्रेलियाची वाट कशी धरावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शाळांमधून सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलांचे पालक परदेशी बेसबॉलची चौकशी करू लागले की, 2008 साली अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केलेल्या रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांचे उदाहरण हमखास निघते. ते दोघेही मूळचे भालाफेकपटू होते आणि पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारा) म्हणून घेतले गेले, कारण पिचरच्या हातातला वेग स्पीड गनवर काही मिनिटांत दिसतो. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा) किंवा सेकंड बेसवरचा इनफिल्डर, म्हणजे बेसजवळ चेंडू अडवणारा खेळाडू, असा मोजता येत नाही. त्याची पारख शेकडो सामन्यांनंतरच होते. म्हणूनच आपल्याकडील इनफिल्डरने पाहायचे ते ऑस्ट्रेलियाकडे, जिथे आपल्यासारखेच क्रिकेटचे राज्य आहे आणि तरीही सिडनीचा सेकंड बेसमन ट्रॅव्हिस बझाना 2024 मध्ये अमेरिकेच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, सर्वांत पहिला निवडला गेला.

पहिले काम सामने वाढवण्याचे. ऑस्ट्रेलियन लीग साधारण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात चालते आणि अमेरिकेतील हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, त्यामुळे तिथला खेळाडू खरीप आणि रब्बी दोन्ही पिके घेतो. आपल्याला पावसाळ्यात काळ्या मातीवर पाय ठेवता येत नाही आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, म्हणजे खेळाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च हाच. त्या सहा महिन्यांत सराव थोडा कमी झाला तरी चालेल, सामने मात्र चुकवू नयेत. उन्हाळा पहाटेच्या ग्राउंडरसाठी, म्हणजे जमिनीवरून येणारे चेंडू अडवण्यासाठी, ठेवावा.

मैदान आखताना सॉफ्टबॉलच्या 60 फुटांवर समाधान मानू नये. बेसबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर 90 फूट, म्हणजे 27.43 मीटर असते. चुना टाकून तेवढे आखावे, शॉर्टस्टॉपच्या जागी मुलाला उभे करावे आणि बॅटचा आवाज झाला की स्टॉपवॉच सुरू करावे. उजव्या हाताचा चांगला बॅटर सुमारे 4.3 सेकंदांत पहिला बेस गाठतो. तेवढ्या वेळात मुलाने चेंडू उचलून, पाय जुळवून तो पहिल्या बेसवर पोहोचवला पाहिजे. मी सुरुवातीला फक्त थ्रोचा जोर वाढवत बसलो आणि माझ्याच संघाच्या चुका दुप्पट झाल्या, कारण वेळ हातात नव्हे तर पायांत वाया जात होता. क्रिकेट खेळलेली मुले गुडघा टेकवून चेंडू अडवतात. ती सवय आधी मोडावी, कारण टेकलेल्या गुडघ्यावरून उठेपर्यंत बॅटर बेसवर असतो. ग्लोव्ह जमिनीला लावून खालून वर आणावा, वरून खाली नव्हे. भेगाळलेल्या जमिनीवर चेंडू अचानक उसळतो म्हणून कुरकुर करू नये. तशा शंभर चेंडूंनी हात जितका मऊ होतो तितका गुळगुळीत मैदानावर होत नाही.

पुढे दोन दारे आहेत. परदेशी मुलगा 16 वर्षांचा झाला की अमेरिकी संघ त्याच्याशी थेट करार करू शकतात. दुसरे दार अमेरिकन कॉलेजचे: बझाना ओरेगन स्टेट विद्यापीठात शिकला, खेळला आणि तिथून ड्राफ्टमध्ये आला. त्याच्या आधी क्रेग शिप्ली हा ऑस्ट्रेलियन इनफिल्डरही अलाबामा विद्यापीठातूनच पुढे गेला आणि 1986 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळला. माझे मत दुसऱ्या दाराच्या बाजूचे आहे. बझानाला त्याची निवड करणाऱ्या क्लीव्हलँड संघाने करारापोटी 89.5 लाख डॉलर दिले, पण 2023 च्या वेतनकरारानुसार सर्वांत खालच्या पायरीवरच्या मायनर लीग (मुख्य लीगच्या खालच्या स्पर्धा) खेळाडूचे वार्षिक किमान वेतन 19,800 डॉलर ठरले, आणि बहुतेकांची कारकीर्द अशा पायऱ्यांवरच संपते. पदवी असली तर परतताना हात रिकामे राहत नाहीत. त्यासाठी नववीपासूनच्या सर्व गुणपत्रिका जपून ठेवाव्यात, कारण एनसीएएची (अमेरिकन कॉलेजमधील खेळांची संघटना) पात्रता तपासताना त्या मागितल्या जातात.

अमेरिका हेच एक ठिकाण नाही. कोरियाच्या लीगने 2026 च्या हंगामापासून प्रत्येक संघात आशियाई किंवा ऑस्ट्रेलियन खेळाडूसाठी एक जागा ठेवली. तिथेही बहुतेक संघांनी पिचरच घेतले. किया टायगर्सने मात्र मेलबर्नचा शॉर्टस्टॉप जॅरिड डेल याला निवडले.

प्रशिक्षकांना पाठवायचा व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा असावा. त्यात पहिल्या बेसच्या मागून घेतलेले सलग दहा ग्राउंडर न कापता ठेवावेत, एखादा सुटला असेल तर तोही, कारण सुटलेल्या चेंडूनंतर मुलगा पुढच्या चेंडूसाठी कसा उभा राहतो हे तिथला प्रशिक्षक आवर्जून पाहतो. व्हिडिओ थेट कॉलेजच्या प्रशिक्षकाला ईमेलने पाठवावा. मध्ये उभा राहून आगाऊ रक्कम मागणाऱ्याला नकार द्यावा.