चेक बिअर टूरला जाताय? निदान या चुका तरी टाळा

मे महिना उजाडला की पुण्याहून पाहुण्यांचे फोन सुरू होतात. मी चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन शहरात राहतो. आधी चाकणहून म्लाडा बोलेस्लावला गाड्यांच्या कामावर आलो, मग नोकरी बदलून इथे. नऊ वर्षं झाली. आपल्या माणसांना घेऊन इथल्या ब्रुअरीच्या आणि प्रागमधल्या टेस्टिंग टूरला किती वेळा गेलो, ते मोजणं मी सोडून दिलंय. माणसं दर वेळी नवी, चुका त्याच. एवढा खर्च करून, एवढ्या लांब येऊन माणूस "ठीक होती, पण आपली स्ट्राँग जास्त भारी" म्हणत परत जातो, ते माझ्या मनाला लागतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

फेस काढायला सांगणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याकडे बिअर ओतायची ती ग्लास तिरका धरून, फेस येऊ न देता. फेस आला की ओतणाऱ्याला जमत नाही, नाहीतर मापात पाप आहे, असं आपण धरून चालतो. तीच समजूत घेऊन लोक इथे येतात.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राचे सासरे आले होते. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. प्रागच्या टूरमध्ये पहिल्याच पबात ग्लास आला. वर तीन बोटं दाट, साय धरल्यासारखा फेस. इथे या ओतण्याला ह्लादिंका म्हणतात आणि बहुतेक वेळा बिअर अशीच येते. काका उठले, ग्लास घेऊन थेट तोटीपाशी गेले आणि खुणेनं सांगितलं, वरपर्यंत भर. ओतणारा माणूस पन्नाशीचा असावा. त्यानं काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. तो ग्लास बाजूला ठेवला आणि दुसऱ्या ग्लासात फेसाचा टिपूस नसलेली काठोकाठ बिअर भरून दिली. याला इथे चोख्तान म्हणतात. काका खूश होऊन परत आले. अर्धा ग्लास संपेस्तोवर ढेकरांवर ढेकर सुरू झाले. दुसऱ्या पबात पोट तट्ट फुगलं होतं म्हणून ते नुसतेच बसून राहिले, आणि तिथून मी त्यांना हॉटेलवर सोडून आलो. टूर पाच बिअरची होती. काकांच्या वाट्याला एक आली, तीही बिघडवलेली.

झालं काय, तर गॅस. ओतताना फेस होतो तेव्हा बिअरमधला बराचसा कार्बन डायऑक्साइड तिथेच सुटतो. फेस होऊच दिला नाही तर तो तुमच्या पोटात जाऊन सुटतो. शिवाय फेस म्हणजे बिअरचं झाकण. त्याच्यामुळे हवा खाली पोचत नाही, वास आणि चव शेवटच्या घोटापर्यंत टिकते. इथल्या तोट्याही त्यासाठीच वेगळ्या असतात. हँडल बाजूला फिरतं, आत बारीक जाळी असते. तोटी किंचित उघडली की दाट ओला फेस, पूर्ण उघडली की बिअर. ओतणारा ग्लास थंड पाण्यात विसळतो, आधी तळाशी फेस घेतो, मग तोटीचं तोंड त्या फेसात बुडवून खालून बिअर भरतो. बिअर वर चढते आणि फेस तिच्या डोक्यावर बसतो. हे काम लोक वर्षानुवर्षं शिकतात. त्या माणसाला "फेस काढ" म्हणणं म्हणजे पुरणपोळी करणाऱ्या आजीला "पुरण काढून द्या" म्हणण्यासारखं आहे.

मापाची शंका असेल तर ग्लासाच्या काचेवर अर्ध्या लिटरची रेघ असते, ती बघा. बिअर रेघेपर्यंत हवी, फेसाची जागा तिच्या वर. बिअर रेघेच्या खाली राहिली असेल तर खुशाल बोला, तो तुमचा हक्क आहे.

माझी सवय सांगतो. नव्या माणसाला मी पहिला ग्लास श्नितचा घ्यायला लावतो. त्यात फेस जास्त, बिअर कमी. दोन घोट फेसातून प्यायचे, वरच्या ओठावर मिशी उमटली तरी पुसायची नाही. मग ह्लादिंका. सगळ्यात शेवटी, जेवणानंतर, म्लीको. चेक भाषेत म्लीको म्हणजे दूध, आणि ग्लास दिसतोही तसाच पांढराशुभ्र. जवळजवळ सगळा फेसच असतो, गोडसर लागतो, आणि तो बसून जायच्या आत एका दमात प्यायचा असतो. तीन ग्लास, एकाच पिंपातली बिअर, चवी तीन. एवढं केलेल्या कुणीही माझ्यासमोर पुन्हा फेसाची तक्रार केलेली नाही.

दारू पाजणाऱ्या टूरला टेस्टिंग टूर समजणं

माझा मेहुणा सौरभ (खरं नाव हे नाही) आणि त्याचे तीन मित्र प्रागला आले. मी त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्सेनच्या ब्रुअरीची टूर ठरवून ठेवली होती. त्यांनी आदल्या रात्रीसाठी आपल्या मनानंच स्वस्तातली एक टूर घेतली. अमुक वेळेपर्यंत हवी तेवढी बिअर, वर शॉट्स मोफत, गाइडसकट. मी फोनवर सांगून पाहिलं की ही टेस्टिंग टूर नव्हे. "भावजी, बिअरच आहे ना?" असं उत्तर मिळालं. गाइड म्हणून आलेला मुलगा स्वतःच परदेशी, महिनाभरापूर्वी आलेला. कुठल्या पिंपात काय आहे हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. चार ठिकाणं, प्लास्टिकचे ग्लास, कानठळ्या बसवणारं संगीत. सकाळी साडेसातला मी फोन केला तेव्हा एकालाही उठवत नव्हतं. पिल्सेनची टूर बुडाली, पैसेही गेले.

बुडालं काय, ते सांगायलाच हवं. 1838 साली पिल्सेनच्या लोकांनी नासक्या बिअरची 36 पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली होती. त्या संतापातून गावातल्या बिअर बनवण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल या ब्रुअरला आणलं. 5 ऑक्टोबर 1842 ला त्यानं जी बिअर बनवायला घेतली, ती सोनेरी लागर (थंडाव्यात सावकाश मुरणारी बिअर) आज जगभर पिल्सनर म्हणून ओळखली जाते. पिल्सेनचं हलकं पाणी, फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि झातेत्स या चेक गावचे हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) यांनी ती घडली. मुंबईत किंवा पुण्यात तुम्ही जी सोनेरी बिअर पिता, ती नात्यानं हिचीच नातवंडं-पतवंडं. टूरमध्ये बार्ली चावून बघता येते, हॉप्सचा वास घेता येतो, तांब्याची मोठी भांडी दिसतात. शेवटी खाली तळघरात नेतात. तिथे सुमारे 9 किलोमीटर बोगदे खणलेले आहेत. थंडगार अंधारात ओकच्या मोठ्या पिंपातून तुमच्या ग्लासात बिअर येते. ती गाळलेली नसते, पाश्चराइझ केलेली नसते, थोडी धूसर असते. ती चव बाटलीत मिळत नाही. सौरभ सहा हजारांहून जास्त किलोमीटर आला आणि त्या पिंपापासून दीड तासाच्या अंतरावर हॉटेलात झोपून राहिला.

प्रागच्या महापालिकेनं 2024 मध्ये गाइडनं रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात लोकांना पब-पब फिरवण्यावर बंदी घातली. मला ती योग्यच वाटते. ज्या गल्ल्यांत माणसं राहतात तिथे रात्रभर आरडाओरडा का म्हणून सोसायचा?

टूर घेण्याआधी मी एवढंच विचारतो: किती बिअर आणि कोणत्या, त्यांची नावं सांगा. नावं सांगता येत नसतील तर पैसे भरत नाही. गट बारा माणसांच्या आतला हवा, सोबत खाणं हवं आणि सुरुवात दुपारी हवी. "अनलिमिटेड" हा शब्द दिसला की पान बंद. पिल्सेनची टूर असेल तर इंग्रजीतली वेळ आधीच राखून ठेवा. स्टेशनवर उतरून बघू म्हणणारे उन्हाळ्यात हमखास दारातून परत जातात.

बारा डिग्री म्हणजे बारा टक्के अल्कोहोल नव्हे

पाटीवर 10, 11, 12 असे आकडे दिसतात. आपल्यापैकी निम्मे लोक घाबरून 10 मागतात, निम्मे "बारावाली आण, कडक असेल" म्हणतात. दोघांचंही चुकतं. हा आकडा आंबवण्याआधी त्या रसात माल्टमधून आलेली साखर आणि बाकीचे घटक किती होते, ते सांगतो. हे मोजण्याची पद्धत प्रागच्याच कार्ल बालिंग या रसायनतज्ज्ञानं 19 व्या शतकात बसवली. दहाच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण 4 टक्के, बाराच्या बिअरमध्ये साधारण 5. आपल्याकडे स्ट्राँग म्हणून विकतात ती याहून पुष्कळ चढणारी असते. इथली बिअर चढावी म्हणून बनवलेलीच नाही. ती दुपारपासून रात्रीपर्यंत गप्पा मारत बसता यावं म्हणून बनवलेली आहे. आपण "आज बसू या" म्हणतो ना, त्यातलं बसणं इथे खरोखरचं असतं.

सुरुवात दहानं करा, मग अकरा-बारा, काळी बिअर शेवटी. प्रागचं ऊ फ्लेकू हे 1499 पासूनचं ठिकाण स्वतःची 13 डिग्रीची काळी बिअर बनवतं. ती आधी प्यायलात तर नंतरची सोनेरी बिअर पाण्यासारखी लागेल. आणि पहिल्या घोटाला "कडू आहे" म्हणून निकाल देऊ नका. कडूपणा हॉप्सचा आहे, त्यामागून माल्टचा गोडवा येतो, तो तिसऱ्या-चौथ्या घोटाला कळतो. दोन घोट घेऊन ग्लास सरकवणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, पण पुढच्या वेळी त्याला घेऊनही जात नाही.

उपाशीपोटी जाणं आणि चखणा सोबत नेणं

टेस्टिंग आहे म्हणून दुपारचं जेवण टाळू नका. पाच अर्ध्या लिटरचे ग्लास म्हणजे अडीच लिटर होतात. मी निघण्याआधी पोटभर खायला लावतो आणि दर ग्लासामागे एक ग्लास पाणी. पाणी मागावं लागतं, आपोआप येत नाही.

पुण्याहून आणलेली भाकरवडी पबात उघडू नका. बाहेरचं खाणं चालत नाही हे एक. दुसरं म्हणजे तेलकट बोटं आणि ओठ ग्लासाला लागले की फेस बघता बघता मरतो. चखणा इथला घ्या. शाकाहारी असाल तर मसाल्याच्या तेलात मुरवलेलं हेर्मेलिन चीज, तळलेलं चीज, किंवा टोपिंकी म्हणजे तळलेल्या पावावर लसूण घासलेला. हा शेवटचा प्रकार आपल्या जिभेला लगेच पटतो. उतोपेनेत्स हे लोणच्यासारखं दिसतं, पण ते डुकराचं सॉसेज असतं, पाहुण्यांना आधी सांगा.

पान, बडीशेप, मावा, च्युइंगम यातलं काहीही तोंडात टाकून टेस्टिंगला येऊ नका. भपकारा येणारं अत्तरही नको, शेजारच्याला हॉप्सचा वास येत नाही.

काही चुका एका ओळीच्या, पण माफ नसलेल्या

गाडी घेऊन जाऊ नका. इथे चालकाच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे, "एकच घेतली" चालत नाही.

उरलेली बिअर नव्या ग्लासात ओतू नका. चेक माणसासमोर याहून वाईट काही करता येत नाही.

रील काढत बसू नका, तेवढ्यात फेस बसतो.

जुलै असला तरी तळघरात स्वेटर न्या.

रिकाम्या खुर्चीवर न विचारता बसू नका. "ये तु व्होल्नो?" म्हणजे इथे जागा रिकामी आहे का, एवढं पाठ करा. काही टेबलं रोजच्या गिऱ्हाइकांची असतात. प्रागच्या ऊ झ्लातेहो तिग्रा या पबात 1994 मध्ये चेक राष्ट्राध्यक्ष हावेल अमेरिकेच्या बिल क्लिंटनना घेऊन गेले होते, पण त्या पबातही रोजच्या माणसाची जागा रोजच्या माणसाचीच असते.

"ना झ्द्रावी" म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा, ग्लासाकडे नाही.

वेटर थांबतच नाही, बिअर येतच राहते

ही तक्रार मी दर उन्हाळ्यात ऐकतो. जुन्या पबात ग्लास संपत आला की न विचारता दुसरा समोर येतो. यात फसवणूक नाही, रीतच तशी आहे. टेबलावर कागदाची एक चिठ्ठी असते, दर बिअरमागे तिच्यावर एक रेघ ओढली जाते. पुरे झालं की ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची आणि "झाप्लातीम" म्हणायचं, म्हणजे पैसे देतो. सगळे रेघा मोजून उठतात, म्हणून त्या चिठ्ठीवर पोरांना चित्रं काढू देऊ नका, तिचा बोळा करू नका, आणि खिशात टाकून तर मुळीच निघू नका. एकदा आमच्या गटातल्या एकानं आठवण म्हणून ती पाकिटात ठेवली होती. वेटर, मी आणि तो, तिघांनी मिळून अर्धा तास टेबलाखाली शोधली.